दुखरा पाय परीक्षेला घेत नाहीत

एका जंगलात पाय पुष्कळ होते, पण पायांचा डॉक्टर एकही नव्हता. काटा रुतला की जनावरं लंगडायची. कुरूप झालं की कण्हायची. शेवटी सिंहमहाराजांनी पायांच्या डॉक्टरांचं एक महाविद्यालय काढलं आणि प्राचार्य म्हणून नागोबांना नेमलं.

हसताय काय? नागोबांना पाय नाहीत हे महाराजांनाही दिसत होतं की! पण नागोबा मुलाखतीत म्हणाले, "महाराज, ज्याला स्वतःचे पाय नाहीत, तोच पायांकडे तटस्थपणे बघू शकतो." महाराजांना 'तटस्थ' हा शब्द फार आवडला. शिवाय इंजेक्शन देण्याचा नागोबांचा अनुभव दांडगा. त्यांचा एकही पेशंट कधी तक्रार घेऊन परत आला नव्हता.

तिथं मुख्य विषय होता भूल. अख्ख्या जनावराला झोपवायचं नाही बरं का, फक्त पाय बधिर करायचा. पेशंट जागा, मजेत गप्पा मारतोय, आणि खाली त्याच्या पायात चाकू चाललाय. त्यासाठी सुई नेमक्या जागी लागावी लागते. मग औषध भिनेपर्यंत थांबावं लागतं. मग टोचून विचारावं लागतं, "दुखतंय का?"

नागोबांनी नियम केला की टोचल्यावर पेशंट "आई गं" म्हणाला तर मार्क गेले.

मुलं एकमेकांच्या पायांवर सराव करायची. आता मुलंच ती, तुमच्यासारखीच डांबरट. त्यांचं आपसात ठरलं, "तू माझ्या वेळी ओरडू नकोस, मी तुझ्या वेळी ओरडत नाही." मग काय विचारता! सुई कुठंही घुसो, सगळे ओठ आवळून गप्प. डोळ्यांत पाणी आणि तोंडानं, "व्वा, मस्त बधिर झालाय हं." वर्गाला पैकीच्या पैकी मार्क.

एक शेवंता सायाळ तेवढी ओरडायची. स्वतःच्या अंगावर एवढे काटे, पण दुसऱ्याची सुई लागली की, "आई गं! अरे, दुखतंय मला. थांब ना जरा!" वर्गात तिच्याशी कोणी बोलत नसे.

आणि सगळ्यांत हुशार होता बंडा मुंगूस. हात असा झरझर चालायचा की बघत राहावं. एकदा त्याच्या आईनं विचारलं, "काय रे, तुम्हाला शिकवतं कोण?" तेव्हा त्यानं घाईघाईनं आमटी छान झालीय म्हणून सांगितलं.

शेवटच्या परीक्षेला खराखुरा पेशंट लागतो. तो आपल्या पायानं चालत आला. म्हणजे आली. गजरामावशी हत्तीण.

मावशीच्या मागच्या उजव्या पायात बाभळीचा काटा मोडून राहिला होता. जंगलातलं पाणी आटत चाललं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कळप डोंगरापलीकडच्या नदीला निघणार होता. कळपाची म्होरकी म्हणजे मावशीची थोरली बहीण. ती म्हणाली होती, "गजरे, चालता आलं तर चल बाई. लेकरं तहानलीत. मला थांबता यायचं नाही." कोरड्या जंगलात मागं एकटं राहणं म्हणजे काय, हे हत्तिणीला समजावून सांगावं लागत नाही.

"बाबांनो, एवढा पाय बरा करा. उद्या मला चालायचंय," मावशी काकुळतीनं म्हणाली.

नागोबांनी तिच्याकडे खालून वर पाहिलं. "वा! पायच पाय! पुष्कळ मुलांची सोय झाली."

पहिला नंबर शेवंताचा. तिनं विचारलं, "मावशी, कुठं दुखतंय?" मावशीनं उजवा पाय पुढं केला. शेवंतानं इंजेक्शन दिलं, थोडी थांबली आणि टोचलं. "दुखतंय?"

"आई गं! हो ना गं बाई."

"मार्क गेले," नागोबा म्हणाले.

"सर, औषध भिनायचंय अजून. कातडी जाड आहे. मी थांबते ना."

"परीक्षेत थांबत नाहीत. नापास. बाजूला हो."

थोड्या वेळानं तो पाय खरोखरच बधिर झाला. "झाला गं बाई, झाला!" मावशी आनंदानं ओरडली. पण तोवर बंडाचा नंबर सुरू झाला होता.

बंडानं सगळं नीट पाहून ठेवलं होतं. उजव्या पायाला हात लावला की मार्क जातात. तो सरळ डाव्या पायाशी जाऊन बसला.

"अरे सोन्या, तो नव्हे, हा!"

"मावशी, तुम्ही पेशंट आहात ना? मग निवांत पडा बघू." त्यानं सुई टोचली. "दुखतंय?"

"तो कधी दुखत नव्हताच रे!"

"ऐकलंत ना सर? दुखत नाही म्हणतायत."

आणि चालवला की चाकू! भूल कुठं लागली होती, देव जाणे. मावशीच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. पण पोराचं वर्ष वाया जायला नको, म्हणून त्या माउलीनं सोंड तोंडात दाबून धरली. बंडानं चिरलं, साफ केलं, देखणे टाके घातले, वर मोठी पट्टी बांधली. सगळा वर्ग टाळ्या वाजवू लागला.

"प्रथम श्रेणी!" नागोबा डोलले.

"अहो साहेब, पण दुखणारा पाय तसाच राहिला की."

"मावशी, दुखरा पाय आम्ही परीक्षेला घेत नाही. मुलं घाबरतात."

सकाळी कळप आला. मावशी उठली आणि मटकन खाली बसली. आता दोन पाय दुखत होते. बहीण थांबली, लेकरं रडायला लागली, मग मागं वळून वळून बघत बहीणही निघाली. मावशी ढसाढसा रडली. मला सांगतानासुद्धा वाईट वाटतंय, आणि त्या नागोबाचा तर असा राग येतो म्हणता!

शेवंता जवळ आली. "मावशी, काटा मी काढते. पण मला परवानगी नाही हो. मी नापास आहे."

"पाय कुणाचा?"

"तुमचा."

"मग परवानगी कुणाची?"

शेवंतानं भूल दिली. टोचलं. "आई गं!" ती थांबली. पुन्हा टोचलं. "अगं, आहे अजून!" ती पुन्हा थांबली. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मावशी वैतागली. "अगं, टोचणार कधी?"

"काटा निघालासुद्धा, मावशी. हा बघा."

नागोबांनी तो काटा काचेच्या पेटीत ठेवला आणि खाली बंडाचं नाव घातलं. बंडा तिथंच भूल शिकवायला लागला. पेशंटला वारंवार ओरडू दिल्याबद्दल शेवंता पुन्हा नापास झाली.

मावशी मात्र बसत, उठत, लंगडत गेली आणि तिनं कळपाला नदीवर गाठलंच. बहिणीनं तिला सोंडेनं कवटाळलं. मग तिचं लक्ष खाली गेलं.

"गजरे, दुखत होता तो उजवा ना गं? मग एवढी मोठी पट्टी डाव्याला कशी?"

"तो प्रथम श्रेणीत आला."

तात्पर्य : मुलांनो, डॉक्टरकडे गेलात की आधी त्याचे मार्क विचारा. प्रथम श्रेणीचा निघाला, तर धडधाकट पाय पुढं करा. दुखरा पाय नापास झालेल्यांसाठी राखून ठेवा.