भिवाई माळिणीच्या तुरेदार निवडुंगाचें कुळ

वनदेवता साक्ष. शके सत्राशें पांच, शोभननाम संवत्सरीं, चैत्रमासीं एके राज्यीं वर्तमान जाहलें तें ऐसें जे, महाराजांस निवडुंगांचा भारी शौक, आणि त्यांच्या निवडुंगबागेची राखण निंबाजी माळी वारल्यापासून त्याची बायको भिवाई करीत असे. बागेंत झुबक्यानें वाढणारे, फुलांनीं लवणारे निवडुंग शेंकडों. परंतु निंबाजीनें लाविलेलें एक झाड आगळें. त्याचा शेंडा उंच न वाढतां आडवाच पसरला आणि कोंबड्याच्या तुऱ्यासारखा वळत गेला. निंबाजी छाती ठोकून सांगे कीं हें दर्यापारचें तांबड्या फुलाचें थोर कुळ, आणि त्याच्या शब्दावर दफ्तरीं तैसेंच लिहिलें. तुऱ्यास फूल कधीं आलेंच नाहीं, मग खोटें कोण म्हणणार!

मग नवे दफ्तरदार हरभटशास्त्री आले, गृहस्थ मोठे चिकित्सक, आणि त्यांनीं हुकूम घेतला कीं ज्या झाडाच्या कुळास पुरावा नाहीं तें पुढील चैत्रीं बागेबाहेर टाकावें. भिवाईनें तुरा निरखून पाहिला. तुऱ्याचे काटे दाटून बारीक होतात, त्यांवरून कुळ कळत नाहीं. कळतें तें फुलावरून, आणि फूल धरतें तें बुडाशीं फुटणाऱ्या साध्या गोल पिल्लास. बागेचा रिवाज तर ऐसा कीं पिल्लू दिसतांच खुडून उकिरड्यावर टाकावें, नाहींतर तें सारा रस ओढतें आणि तुरा मरतो. बारा वर्षें, आधीं निंबाजीनें आणि मागाहून तिनें, हेंच केलें. आतां तिनें मन घट्ट केलें आणि एक पिल्लू राखिलें, आणि पिल्लू फुगत गेलें आणि तुरा एका कडेनें सुकत गेला, आणि ती रोज बोटानें चांचपून पाही आणि मनांत म्हणे, मीच याला मारतें आहें. फाल्गुनांत पिल्लावर कळी धरली. शास्त्रीबोवा म्हणाले, उमललेलें फूल दाखवाल तोच पुरावा. इकडे तुरा निम्मा गेलेला, फुलाची वाट पाहावी तर उरलेलाही जाणार. मग तिनें देवाचें नांव घेतलें, सुरी तापविली, पिल्लू कापिलें आणि कळीसकट वाडग्यांतल्या वाळूंत ठेविलें. निवडुंगाच्या अंगांत पाणी असतें, कापिलें तरी कळी उमलेल, येवढाच तिचा भरंवसा.

चौथे दिवशीं सकाळीं कळी उमलली आणि भिवाई वाडगें घेऊन दरबारीं उभी राहिली. फूल पांढरें निघालें. गांवांत घरोघरच्या कुंपणाशीं फुलतें तेंच! दरबारी मंडळी गालांत हंसली, आणि नवऱ्याचा शब्द चारचौघांत पडला म्हणून तिला फार वाईट वाटलें. शास्त्रीबोवांसही दया आली आणि ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, दफ्तरीं तांबडेंच राहूं देतों. निंबाजीचा मान राहील."

भिवाई महाराजांस ऐकूं जाईल ऐसें बोलली, "पांढरेंच लिहा, शास्त्रीबोवा. ओळखण्यांत ते चुकले. वाढविण्यांत चुकले नाहींत."

कोणी हंसलें नाहीं. महाराजांनीं आज्ञा केली कीं कुळ पांढरें लिहावें आणि खालीं लिहावें, वाढविणार निंबाजी माळी.

येणेंप्रमाणें कुळाचा निवाडा जाहला आणि अर्धा तुरा वांचला. तेव्हांपासून त्या बागेंत खुडलेलें पिल्लू निराळें लावितात आणि त्याचें फूल पाहतात. "येवढी साधी गोष्ट बारा वर्षें कोणास सुचली नाहीं, मलाही नाहीं," ऐसें भिवाई स्वतःच सर्वांस सांगत असे.