भोवऱ्यांशी वैर

चहा ढवळला की कपातला भोवरा पुरता थांबेपर्यंत आमचे शेजारी बापू कप तोंडाला लावत नसत. तोवर चहाचं सरबत होई. "भोवरा म्हणजे पाण्याचा आळस," ते म्हणत. "फिरतं खूप, जात नाही कुठं. काय समजलास?" मला काही समजत नसे, पण मान डोलावल्याशिवाय सुटका नसे.

एका लग्नात नवऱ्या मुलाचे मामा मांडवाच्या दारात उभे होते. देह ऐसपैस. त्यांच्यामागे बायकापोरं अडून जागच्या जागी गरगरत होती. बापूंनी मामांना दंडाला धरून कुडाला लावलं आणि खिशातलं घड्याळ काढून गर्दीचा वेग मोजला. वरपक्ष रुसला तो पंगतीला बसेना.

ही एकोणीसशे तीसच्या सुमाराची गोष्ट. आमच्या सावर्ड्याकडच्या गावात पावसाळा सरला की वहाळाला बांध घालून पाटाचं पाणी नारळी-पोफळीच्या आगरांत घेत. ज्याची त्याची पाळी ठरलेली. सगळ्यात वर बापूंचं आगर, सगळ्यात खाली त्यांचा धाकटा भाऊ अप्पा. वाटणीपासून दोघांत अबोला. अप्पांची पाळी सुरू होई, पण पाणी रमतगमत खाली पोचेपर्यंत ती अर्धी सरलेली असे. त्यांच्या पोफळी पिवळ्या पडल्या होत्या.

त्या वर्षी बापूंनी पाटातले भोवरे मारायला घेतले. लंगोट लावून पाटात उतरले, तळातले चिरे उपसले, कडा शेणामातीनं सारवल्या. भांडी घासणाऱ्या बायकांना हुकूम सुटला, की हात वाहत्या पाण्याच्या दिशेनंच फिरवायचा. पाटात डुंबणाऱ्या एका म्हशीला त्यांनी पाऊण तास समजावलं. आम्ही पोट धरधरून हसलो. माझ्याकडे एकच काम होतं. ते वरून करवंटी सोडत आणि मी अप्पांच्या आगरात घड्याळ घेऊन बसत असे.

एके सकाळी करवंटी भरभर आली, मागोमाग पाटभर पाणी. अप्पा पोफळींच्या बुंध्याभोवतीची आळी भरून घेत होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "दादाचा दमा बरा आहे ना रे? येवढा वेळ पाण्यात उभा असतो तो."

मी वर जाऊन बापूंना वेळ सांगितली. त्यांनी ती ऐकलीच नाही. "अप्पा काही बोलला काय?"

मी सांगितलं. बापू मटकन खाली बसले.

"ते चिरे मीच टाकलेले रे, वाटणीच्या वर्षी. पाणी अडवलं तर फिर्याद होते. भोवऱ्यावर कोण फिर्याद करतो?"

ते हुंदके देऊन रडले, आणि इतके दिवस हसल्याची मला लाज वाटली. थोड्या वेळानं त्यांनी हात पुढं केला.

"उठव मला. आणि तू पुढं हो. त्याच्या घराची वाट आता कुठून आहे, मला ठाऊक नाही."