सरांच्या कॅसेटमधली हळद

सिनेमातल्या बाईचा हात दाराच्या कडीकडं गेला, आणि पुढच्या क्षणाला टीव्हीवर मी नाचायला लागले. तोंडाला हळद, पदर खोचलेला, मागं सिन्नरचा बँड. नववीचा अख्खा वर्ग बाकांवर चढला. "मावशी! अरे, आपल्या मावशी!"

त्यांची मावशी, म्हणजे शाळेची शिपाईबाई, दाराशी किल्ल्या धरून उभी होती.

गायधनी सर रिमोट दाबायचं विसरले. सवयीनं एवढंच म्हणाले, "पुस्तकात असं नाही."

हे वाक्य म्हणजेच गायधनी सर. मराठी शिकवायचे. दरवर्षी मुलांना एक जाडजूड जुनी कादंबरी वाचायला लावायचे आणि संक्रांतीच्या सुमारास तिच्यावरचा सिनेमा दाखवायचे. दाखवायचे कसले, अडवायचे. बाई निळं लुगडं नेसून आली की थांबव. "पुस्तकात हिरवं आहे. पान बेचाळीस!" बैल दिसला की थांबव. "हा तर मागच्याच प्रकरणात विकला. परत कुठून आला?" दोन तासांचा सिनेमा आठवडाभर चालायचा. मी चौथी शिकलेली, कादंबरी वाचली नाही. पण कुठल्या पानावर कुठलं लुगडं, ते मला पाठ.

गोष्ट साधी. घर सोडून गेलेला नवरा म्हातारपणी येऊन दार वाजवतो. पुस्तकात बायको दार उघडत नाही. सिनेमात उघडते म्हणे. म्हणे अशासाठी, की तिथंच सर टीव्ही बंद करायचे. "पुढं सगळं खोटं. शेवट पुस्तकात वाचा." कॅसेट कपाटात, किल्ली माझ्याकडं.

मला वाटलं, एवढी टेप फुकट चालली. भाच्याच्या लग्नाचं शूटिंग होतं आणि माझ्या घरी व्हीसीआर नव्हता. शाळेत होता. रविवारी झाडताना बघता आलं असतं. कपाटात वेगळी कॅसेट दिसली तर मोठ्या बाई विचारणार. सरांच्या कॅसेटच्या पोटात कोण डोकावतंय? कॅसेट परत भरता येऊ नये म्हणून तोडलेल्या तिच्या कळीवर भाच्यानं चिकटपट्टी लावली आणि शेवटाच्या जागी हळद भरून दिली. चार रविवार मी स्वतःला नाचताना बघितलं. मजा आली, खोटं कशाला सांगू.

त्या वर्षी सरांनी सिनेमा अडवलाच नाही. लुगडं गेलं, बैल गेला, शब्द नाही. दार वाजलं तरी अंगठा हलेना.

हसणं ओसरल्यावर त्यांनी टीव्ही बंद केला. "शेवट सांगतो. ती दार उघडते. त्याला पाणी देते आणि विचारते, जेवलात का? आमच्या हिला हा शेवट आवडायचा. टीव्हीवरून हा सिनेमा हिनंच कॅसेटवर उतरवून घेतला होता. दरवर्षी म्हणायची, एकदा तरी पोरांना माझा शेवट दाखवा. यंदा दाखवणार होतो."

त्यांची बायको नवरात्रात गेली होती. तेराव्याला मी जेवून आले होते.

मोठ्या बाईंना सरांनी सांगितलं, कॅसेट जुनी झाली होती. मी सरांची माफी मागायला गेले, तर त्यांनी कॅसेट माझ्याच हातात ठेवली. "घरचं कार्य आहे मावशी, राहू द्या." मग हळूच विचारलं, "तुम्ही पुसण्याआधी बघितलं असेल ना? ती आधी पाणी देते, की आधी विचारते? मी कधी नीट बघितलंच नाही. ही सांगायची तेवढंच."

मीही बघितलं नव्हतं. न बघताच पुसलं. ती शिपाईबाई मी.