द्वारकाबाईंनी भर दरबारी थुंकी दिली त्याची हकीकत

श्रीधन्वंतरीचे चरणी मस्तक आणि सावकारांचे मुखाकडे नजर ठेवून हकीकत लिहिली ऐसीजे. शके १९४१, विकारीनाम संवत्सरी, एका राज्यात थुंकीपरीक्षेचा कारखाना उभा राहिला. मनुष्याने कुपीत थुंकावे आणि यंत्राने वाडवडिलांकडून आलेले रोग आधीच सांगावे, ऐसा हुन्नर. कारखान्याच्या धनीण द्वारकाबाई, बहुत हुशार, बहुत करारी. मग नवे यंत्र आणावयास द्रव्य पाहिजे म्हणोन बाईंनी सावकारांचा दरबार भरविला. तेथे माणिकशेट, सर्वांत थोर सावकार, मिशीत हसून पुसते जाहले, "बाईसाहेब, जगास थुंकावयास सांगता, आपण थुंकलात काय?" बाईंनी तेच समयी कुपी मागविली आणि सर्वांदेखत थुंकल्या. सभेने टाळ्या पिटिल्या. मग काही रोजांनी कारखान्याचे मुख्य परीक्षक अनंतशास्त्री तोंड उतरवून आले आणि हळूच बोलिले, "बाई, हृदय दगा देईल ऐसे निघाले. तीर्थरूपांकडून आले आहे. दुसऱ्याची थुंकी दाखवू, कोणास कळते?" बाईंस वडील आठवले, भरल्या पानावर जेवता जेवता कोसळले होते. मग पदर सावरून म्हणाल्या, "शास्त्रीबोवा, थुंकलेले चाटणे आमचे घरी नाही." आणि दरबारी जाऊन निकाल स्वमुखे वाचिला.

एकच गिल्ला जाहला. माणिकशेट कपाळ धरून म्हणाले, "यंत्र खरे तर बाई जाणार, यंत्र खोटे तर आमचा पैका जाणार!" मग बहुत मसलत होऊन ठरले की यंत्र खरे मानावे, पैका घालावा आणि बाई काढाव्या. गादीवर शेटजींचे जावई बळवंतराव बसविले. शेटजी अभिमाने बोलिले, "यांचे प्रकृतीत एकही दोष निघाला नाही." शास्त्रीबोवा म्हणाले, "महाराज, ते थुंकलेच नाहीत." शेटजी म्हणाले, "म्हणोनच!"

बाई घरी बसोन रडल्या, आणि मग उठोन वैद्याकडे गेल्या. रोग वेळीच सापडला, औषध लागू पडले. इकडे बळवंतराव निरोगी आयुष्यावर व्याख्यान देता देता छाती धरून व्यासपीठावर आडवे जाहले. बाईंनी वर्तमान ऐकताच आपला वैद्य धाडिला, म्हणोन प्राण वाचले. तेव्हा सावकार ऐसे घाबरले की सर्वांनी दारे लावून थुंकून घेतले आणि निकाल कुलपात ठेविले.

सारांश, बाई हयात आहेत, रोज सकाळी टेकडी चढतात. कारखान्याचे दिंडीदरवाजावर माणिकशेटींची तसबीर लागली, खाली 'दूरदृष्टी' ऐसी अक्षरे कोरिली. घडले तैसे लिहिले. वाचणारांनी छातीवर हात ठेवून वाचावे. आत काही असेल, तर हातास लागेल.