दोन खुर्च्यांपुरता उजेड

चाळीस वर्षं नाटकांना उजेड पुरवणारा प्रकाशवाला निवृत्त झाला, तेव्हा घरातसुद्धा संध्याकाळ होते हे त्याला पहिल्यांदाच कळलं. इतकी वर्षं त्याच्या बायकोने संध्याकाळचा चहा एकटीने घेतला होता. आता रोज दिवेलागणीला दोघांनी बागेत बसायचं, एवढंच तिचं मागणं. त्याने ते फारच मनावर घेतलं आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

आठवडाभर शिडीवर चढून त्याने बागेत दिवे लावले. जास्वंदीला मागून पिवळसर, लिंबाला निळा, आणि गवतावर पानांतून गाळलेलं चांदणं. पहिल्या संध्याकाळी ते सगळे लागले, तेव्हा बाग जमिनीपासून वीतभर वर तरंगतेय असं वाटलं. बायकोचा ऊर भरून आला. खुर्चीत बसून तिने शेजारची खुर्ची पदराने पुसून ठेवली.

पण प्रकाशवाला कधी प्रकाशात बसतो का? तो पाण्याच्या टाकीमागे, बटणांपाशी उभा. तिथून फर्मानं सुटू लागली. जरा डावीकडे सरक, मान वर कर, नाकाची सावली पडतेय. ती बिचारी सरकली. तिचा चेहरा उजळला, तर लिंबाचं झाड मागे पडलं. झाड पुढे आणलं, तर रिकामी खुर्ची डोळ्यांत खुपू लागली. त्याने ती उचलून घरात ठेवून दिली.

एव्हाना शेजारीपाजारी गच्चीवर जमले होते. नाटक कधी सुरू होणार, असं एकाने अदबीने विचारलंसुद्धा. झालं, प्रकाशवाल्याला स्फुरण चढलं आणि त्याने सावकाश पहाट करायला घेतली. बायको उठली आणि आत गेली.

पहाट अर्धीमुर्धी फुटली असेल नसेल, तोच सगळीकडे काळोख झाला. पहिला अंक संपला असं समजून गच्चीवरच्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ते जेवायला गेले.

तो चाचपडत आला. काळोखात दोन खुर्च्या होत्या आणि एकीत ती बसली होती.

"फ्यूज उडाला वाटतं. बघून येतो."

"बसा हो." तिने त्याच्या तळहातावर काहीतरी ठेवलं. फ्यूजच होता.

तो बसला. हळूहळू डोळे सरावले. आधी लिंबाचं झाड दिसू लागलं, मग गवत, मग तिच्या गालाची कड. एकही दिवा नसताना सगळं जागच्या जागी होतं. शेवटी तो धंद्यातलंच बोलला.

"अंधार जरा लवकर केलास."

"लवकर?" ती म्हणाली. "चाळीस वर्षं थांबले होते."