हलक्या काठीला शिसं

गोवा राज्य झालं त्या वर्षी डिचोलीच्या एका खाण कंपनीचे मॅनेजरसाहेब बदलून गेले आणि जाताना नको असलेलं सामान ऑफिसातल्या लोकांना वाटून गेले. पंखा अकाउंटंटने नेला, आरामखुर्ची ड्रायव्हरने. हजेरी-कारकून शिवदास पोचला तेव्हा कोपऱ्यात गोल्फच्या दोन काठ्या आणि चार चेंडू उरले होते. रिकाम्या हाताने परतणं बरं दिसणार नाही म्हणून त्याने तेच उचललं. (घरी हात बघायला कोणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी.)

बायको प्रभावती चार महिन्यांपूर्वी लेकीच्या बाळंतपणाला बेळगावला गेली होती. नातू मान धरायला लागला, तरी तिचा मुक्काम हलेना. शिवदास पाच वाजता घरी यायचा, चहात पाव बुडवून खायचा, आणि पुढे जेवणापर्यंत काय करायचं ते त्याला सुचत नसे. आता सुचलं. रोज संध्याकाळी तो परसात चेंडू मारू लागला.

एक काठी जड होती, दुसरी हलकी. जड काठी फिरवली की ती पुढे आणि शिवदास तिच्या मागून, असा प्रवास व्हायचा. पण चेंडू दहा पावलं का होईना, सरळ जायचा. हलकी सपकन यायची, पण हातात वळायची, आणि चेंडू कधी केळीत, कधी विहिरीत. ताबा हवा तर कंबर जाते, कंबर राखावी तर ताबा जातो.

शेजारी धाकू माडावर चढून नारळ पाडायचा. कुंपणापाशी उभं राहून त्याने दोन दिवस हे पाहिलं, मग म्हणाला, "कोयतो जड आसलो तर आपणच काम करता. हलको आसलो की हात सांभाळूक जाय."

शिवदासला ते पटलं. हात सांभाळणं जमत नव्हतं, तेव्हा वजनच वाढवावं. त्याने बाजारातून मासेमारीच्या जाळ्याचं शिसं आणलं, हलक्या काठीच्या टोकाला सुतळीने बांधलं आणि रविवारी सकाळी सगळं बळ एकवटून फटका मारला. चेंडू होता तिथेच राहिला. शिसं सुटलं, स्वयंपाकघराची दोन कौलं फोडून आत गेलं आणि लोणच्याच्या बरणीच्या काचेच्या झाकणाचे तुकडे झाले.

आवाजाने शेजारपाजार धावला. धाकू छपरावर चढला, पलीकडच्या घरातल्या मालतीवहिनींनी काचा उचलल्या आणि शिवदासने सात जणांचा चहा केला. त्याने तो फटका तीनदा करून दाखवला, दर वेळी लोक पोट धरून हसले. सगळे गेल्यावर त्याने सात कप एकेक करून, अगदी सावकाश धुतले.

दुपारी त्याने कौलं आणि बरणीचं झाकण फुटल्याचं बायकोला कार्ड लिहिलं. यापूर्वी करमत नाही म्हणून लिहिलं होतं, तेव्हा 'देवळात जात जा' असं उत्तर आलं होतं. ताप आला म्हणून कळवलं, तेव्हा काढ्याची कृती आली होती. या वेळी उत्तर आलंच नाही. चौथ्या दिवशी प्रभावतीच दारात उभी राहिली.

शिवदास पिशवी घ्यायला पुढे झाला, तोवर ती त्याच्या बाजूने थेट स्वयंपाकघरात गेली.

"काच आत नाही ना पडली?" तिने विचारलं.

"नाही. झाकणाखाली फडकं होतं."

दोन दिवस ती राहिली. नवी कौलं बसवून घेतली, भांडी घासली, त्याच्या आवडीची सोलकढी केली. ती आता इथेच राहील असं शिवदासला वाटू लागलं. तिसऱ्या दिवशी ती बेळगावच्या गाडीत बसली. बरणी इथे ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून तिने ती बरोबर घेतली होती.

खिडकीशी उभं राहून शिवदास म्हणाला, "सांभाळून जा हं."

"काळजी नको," प्रभावती म्हणाली, "मांडीवरून खाली ठेवणारच नाही तिला."