पलीकडची काठी

२ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी १० वाजून २५ मिनिटे. नरसय्यामामांनी प्रयोगशाळेतील स्वयंचलित यंत्रावर टॉवेल टाकला आणि मगच स्वतःचा चिमटा हातात घेतला. यंत्राने पाहिले की हात बिघडतो, असे त्यांचे मत होते. त्या यंत्राला ते ‘जावई’ म्हणत: आल्या दिवसापासून मान मोठा, एसी त्याच्यासाठी, आणि काम सांगितले की रुसून बसतो.

मामा आमच्या विभागातले परिचर. त्याआधी ते सोलापूरच्या पूर्व भागात एका कारखान्यात सूत रंगवीत. घरी तेलुगू, बाहेर मराठी, मोजणी मात्र कुठेही तेलुगूच. आमचे काम त्यांना नवे वाटले नाही. वीज झटपट साठवून झटपट परत देणाऱ्या साधनांसाठी मी स्टीलच्या पट्टीवर मँगनीज ऑक्साइडचा पातळ थर चढवीत होते. एका द्रावणात पट्टी बुडवायची, पाण्यात धुवायची, दुसऱ्या द्रावणात बुडवायची, पुन्हा धुवायची. असे चाळीस वेळा. “म्हंजे रंगाईच की,” असे म्हणून मामांनी माझ्या प्रबंधाचे पहिले प्रकरण एका वाक्यात संपवले होते.

जगाची विभागणी ते दोनच गटांत करीत: ओल्या हाताची माणसे आणि कोरड्या हाताची. आमचे मार्गदर्शक कोरड्या हाताचे. मीही. हातमोज्यांचा नियम मामांना मान्य नव्हता. त्यात बोटे आंधळी होतात, म्हणत. कोणी घड्याळाकडे पाहिले की ठरलेले वाक्य येई, “घाई केली की रंग उठतो, म्याडम.” उठतो म्हणजे सुटून जातो.

दुर्दैवाने ते खरे ठरत होते. मामांच्या पट्ट्या हजारो वेळा चार्ज-डिस्चार्ज करूनही टिकत. द्रावणे तीच, वेळ तोच, बुडवण्या तेवढ्याच. तरी माझा आणि जावयाचा थर पापडासारखा सुटे. जे एकाच माणसाच्या हातून घडते, त्याला विज्ञान म्हणता येत नाही. आणि तो माणूस महिनाअखेर निवृत्त होणार होता. तोवर कारण सापडले नाही, तर माझी तीन वर्षे त्यांच्यासोबत फाटकाबाहेर जाणार होती.

म्हणून त्या सकाळी त्यांच्या परवानगीने मी मोबाइलवर चित्रण केले. बुडवण्याचा वेळ नोंदीप्रमाणेच होता. पण धुतलेली पट्टी वर काढली की मामा प्रत्येक वेळी हात हवेत तसाच धरून थांबत, मान किंचित वर करून समोर पाहत, आणि मगच पुढे जात. समोर कोरी भिंत होती. तेवढ्यात पाणी निथळून थर पट्टीला धरत असावा. मी आजवर त्यांना बुडवण्याविषयीच विचारले होते. थांबण्याविषयी कधीच नाही.

“मामा, तुम्ही मध्ये थांबता का?”

“मी कुटं थांबतो? माज्या कामात खंड न्हाय.” ते चक्क दुखावले.

मी चित्रण दाखवले. त्यांनी ते दोनदा पाहिले आणि कोरडेच हात टॉवेलला पुसले.

“रंगाच्या हौदावर सुताच्या लडीची काठी दोगांनी धरायची असती,” ते म्हणाले. “पलीकडं सुगुणा असायची, आमची मंडळी. तिचा डावा हात अधू. लडी उलटायला तिला लई येळ लागायचा. तिनं ‘हां’ म्हटलं, की मग बुडवायचं.”

सुगुणाबाईंना जाऊन नऊ वर्षे झाली होती.

“घाई केली की रंग उठतो, हे तीच म्हनायची,” मामा म्हणाले. “मी तर रोज वरडायचो, लवकर उरक म्हनून.”

त्यांच्या शेवटच्या दिवशी मी जावयाला तेवढे थांबायला शिकवले. यंत्राने धुतलेली पट्टी वर काढली आणि ते स्तब्ध झाले. मामा टॉवेल खांद्यावर टाकून पलीकडच्या बाजूला उभे होते. यंत्र पुन्हा हलणार, इतक्यात ते अगदी हळू म्हणाले, “हां.”

चाळिसाव्या बुडवणीपर्यंत त्यांनी एकदाही चुकवले नाही. डबा रिकामा होता, निरोपाचा नारळ पिशवीत होता, आणि घरी जायची त्यांना काही घाई नव्हती. दारातून वळून म्हणाले, “जावई शिकंल. पन तेलगू येत न्हाय त्याला.”

ते गेल्यावर मी नोंदवहीत तीन वर्षे नसलेला एक रकाना आखला आणि भरला. विराम: ११ सेकंद.